कर्ता गाळलेलं वाक्य

सैफुद्दीन मास्तरांनी फळ्यावर एक इंग्रजी वाक्य लिहिलं आणि खडू खाली ठेवला.

"वाचा, बबनराव."

"अ वूमन वॉज किल्ड ऑन द रोड," बबनरावांनी अडखळत वाचलं.

"अर्थ?"

"रस्त्यावर एक बाई मारली गेली."

"कोणी मारली?"

बबनरावांनी फळ्यावरचं वाक्य पुन्हा एकदा वाचलं. ते अनसिंगचे बागाईतदार. वय चाळिशीपलीकडे. गेल्या साली लोकल बोर्डावर निवडून आले आणि तिथले इंग्रजी कागद पाहून त्यांची बोबडी वळली. तेव्हापासून आठवड्यातले दोन दिवस ते मंगरूळपीरला मुक्काम करत आणि दर्ग्यामागच्या या घरात, निवृत्त इंग्रजी शिक्षक सैफुद्दीन यांच्यासमोर, शाळकरी पोरासारखे मांडी घालून बसत.

"ते त्यात नाही, मास्तर," ते शेवटी म्हणाले.

"नाहीच. हे पोलिसांच्या रपटातलं वाक्य आहे. कारंज्याच्या रस्त्यावर गोजराबाई मोटारीखाली मेली, तिच्याबद्दलचं. इंग्रजीत वाक्य असं उलटं फिरवलं की कर्ता गाळता येतो. तो तीन कारणांनी गाळतात. कर्ता माहीत नसला तर. सगळ्यांनाच माहीत असला तर. आणि माहीत असूनही सांगायचा नसला तर." मास्तर दुसऱ्या शिष्याकडे वळले. "शफीक, हे वाक्य सरळ करून सांग. कर्त्यासकट."

शफीक बाविशीतला तरुण होता. सुजलेल्या गालावरून त्यानं रुमाल बांधला होता. तो उठला, आतल्या दाराच्या पडद्याकडे त्यानं एकदा पाहिलं आणि पुन्हा खाली बसला.

"आज नाही तर नाही," मास्तर शांतपणे म्हणाले. "उद्या तुला ते बोलायचंच आहे."

उद्याचा अभ्यास असेल, असं बबनरावांना वाटलं.

तेवढ्यात रंगूबाई सरबताचं तबक घेऊन आली. या घरची ती जुनी मोलकरीण. तबकात एक पितळेचा पेला होता, एक काचेचा. पितळेचा तिनं मास्तरांपुढे ठेवला, काचेचा शफीकपुढे. बबनराव परक्या घरचं पाणी घेत नसत. ते सुपारी कातरत बसले.

मास्तरांनी आपला पेला एका दमात रिकामा केला. शफीकनं मात्र ग्लास हातात घेतला, ओठाजवळ नेला आणि मास्तरांकडे सरकवला.

"हा पण तुम्हीच घ्या, मास्तर."

मास्तरांना काही वाया गेलेलं चालत नसे. त्यांनी तोही संपवला आणि धडा पुढे सुरू केला. एका क्रियापदाच्या दोन कर्मांचा विषय निघाला. कोणी तरी, कोणाला तरी, काही तरी देतं, अशी वाक्यं. बराच वेळ मास्तर बोलत होते. मग त्यांनी विचारलं, "हेमला वॉज गिव्हन अ मँगो. सांगा, बबनराव."

"हेमलानं आंबा दिला."

मास्तर हसले. चूक दुरुस्त करायला त्यांनी तोंड उघडलं, पण शब्द फुटेना. त्यांनी ओठांवरून जीभ फिरवली. चेहरा लालबुंद झाला होता.

"पाणी," ते म्हणाले आणि बसल्या जागी कलंडले.

शफीक अनवाणीच डॉक्टरांकडे धावला. रंगूबाई आत पळाली. बबनरावांनी मास्तरांचं डोकं मांडीवर घेतलं. मास्तरांची नजर काचेच्या ग्लासाच्या तळाशी गेली. तिथं काही तरी भुकटी चिकटली होती. त्यांनी ती पाहिली, पडद्याकडे पाहिलं, मग बबनरावांची कॉलर धरून त्यांना जवळ ओढलं आणि इंग्रजीत, एकेक शब्द मोजून, कुजबुजले.

"शफीक वॉज गिव्हन द ग्लास. ही मस्ट नॉट बी लेफ्ट."

त्यानंतर त्यांना भ्रम झाला. हवेतल्या न दिसणाऱ्या वस्तू ते बोटांनी वेचू लागले.

डॉक्टरांनी बुबुळं पाहिली, ग्लासातली भुकटी पाहिली आणि धोतऱ्याचं बी असल्याचं सांगितलं. मास्तरांना त्यांनी दवाखान्यात नेलं. जमादार लालसिंग आला, तेव्हा बबनरावांनी डोळे पुसत मास्तरांचे शब्द मराठीत सांगितले.

"शफीकनं ग्लास दिला. त्याले सोडू नका."

ग्लास शफीकनंच पुढे सरकवला होता. बबनरावांनी ते डोळ्यांनी पाहिलं होतं. जमादारानं शफीकला तिथल्याच बाहेरच्या खोलीत घातलं आणि कडी लावली. ठाण्याची कोठडी डागडुजीसाठी उघडी पडली होती आणि इन्स्पेक्टर वाशिमहून दुसऱ्या दिवशी येणार होते.

*

बबनरावांचा डोळा लागला नाही. ज्या पोरानं दोन वर्षं मास्तरांच्या पायाशी बसून विद्या घेतली, त्यानं असं करावं? सकाळी त्यांनी वाशिमला माणूस धाडून जगदेव सरनाईकला बोलावून घेतलं.

जगदेव त्यांचा लहानपणचा सोबती. अमरावतीला पोलिसात होता, वरिष्ठांशी बिनसलं म्हणून नोकरी सोडली. आता वकील मंडळी अडली की त्याला बोलावत. सडपातळ, कमी बोलणारा, आणि समोरच्याचं बोलणं संपल्यावरही थोडा वेळ ऐकत राहणारा.

दुपार कलता कलता तो आला. बबनरावांनी त्याला धडा, सरबत, मास्तरांचं पडणं, सगळं सांगितलं.

"मास्तर शुद्धीवर आले?"

"नाही. डॉक्टर म्हणते, आजची रात्र निघाली तं वाचतीन."

"आणि पोरगा?"

"त्या खोलीत. कालपासून अन्नाले शिवला नाही."

मास्तरांच्या दारात इस्माईलची मोटार उभी होती. इस्माईल म्हणजे मास्तरांचा भाचा, त्यांच्याच घरी राहणाऱ्या विधवा बहिणीचा, सुगराबीचा, एकुलता एक मुलगा. कारंजा ते मंगरूळ तो भाड्यानं उतारू नेई. जगदेव मोटारीभोवती एक चक्कर मारून आला.

"पुढचा एक दिवा नवा दिसतो."

"दगड लागला होता," इस्माईल म्हणाला. त्याचे डोळे सुजलेले होते.

"काल कुठं होतात?"

"कारंज्याले. सकाळपासून. मामूले दवाखान्यात नेल्यावर आलो. उतारूइले ईचारा."

"शफीक तुमचा दोस्त?"

"होता." इस्माईलनं मान फिरवली. "माझ्या मोटारीत पुढं बसून हिंडे तो."

रंगूबाई ओसरीवर बसून होती. जगदेवनं तिच्याकडे पाणी मागितलं. तिनं माठातून पितळेच्या पेल्यात आणून दिलं. तो प्यायला, पेला उलटा करून आत पाहिला. आतून पेला काळवंडला होता.

"सरबत कोणी केलं होतं, बाई?"

"सुगराबीनं. भरूनई त्याइनंच देल्लं. मी नुसतं नेलं."

"कोणता कोणाला द्यायचा, हे ठरलेलं असतं?"

"ठरायचं काय? रोज दोन्ही पेले पितळेचेच राह्यते. काल म्हणे, काचेचा शफीकले दे."

"वाटेत कोणी भेटलं?"

"कोन भेटते? चूल ते बैठक, दहा पावलं नाईत."

"मास्तर पडले तेव्हा तुम्ही आत गेलात. काय म्हणालात?"

"मले काय सुचते तवा? म्हणलं, बाई, पाणी द्या, बैठकीत चक्कर आली. त्याइनं ईचारलं, 'शफीकले?' मी म्हणलं, नाई वो, मास्तरले. तश्या त्या भिंतीले धरून खालीच बसल्या. एकच भाऊ आहे त्याइले. काल सकाळी दोघाइचं काही तरी वाजलं होतं, तं काय झालं?"

जगदेवनं पेला तिच्या हाती परत दिला. मग आतल्या पडद्यापाशी जाऊन त्यानं अदबीनं सलाम केला.

"बाई, दोन गोष्टी विचारायच्या आहेत."

"ईचारा," पडद्याआडून सुगराबीचा आवाज आला. आवाज थकलेला, पण सरळ होता. "शरबत मी केलं. त्याच्यात कोणी काय टाकलं, अल्ला जाणे. तो पोरगा दोन वर्षं माझ्या भावाच्या ताटातलं खाऊन राह्यला."

"काल काचेचा ग्लास का काढलात?"

"दुसरा पितळेचा पेला कल्हईले देल्ला होता."

"आणि काल सकाळी तुमचं नि मास्तरांचं काही बोलणं झालं?"

"घरातल्या गोष्टी होत्या. घरातच राहू द्या." मग ती म्हणाली, "त्या पोराले दातानं खाता येत नाई म्हणते. पातळ खिचडी टाकली आहे. कसाई असला तरी भुका ठेवत नाई आमी."

जमादारानं खोलीची कडी काढली. शफीक कोपऱ्यात गुडघ्यांत डोकं घालून बसला होता.

"ग्लास तू का प्यायला नाहीस?" जगदेवनं विचारलं.

"दाढ किडली आहे, साहेब. गोड लागलं की कळ मस्तकात जाते."

"घरात माहीत होतं?"

"कालच रुमाल बांधला. गारव्यानं सुजली म्हणून सांगतलं."

"'उद्या बोलायचंच आहे' असं मास्तर म्हणाले. काय बोलायचं होतं?"

शफीकनं गालावरच्या रुमालाची गाठ घट्ट केली.

"बोलला नाहीस तर तुला फाशी होईल, पोरा."

"मास्तरले शुद्ध येऊ द्या," शफीक म्हणाला. "त्याइच्या घरची गोष्ट त्याइच्या माघारी मी कशी बोलू?"

बाहेर येऊन जगदेव लिंबाखालच्या दगडावर बसला. बबनराव त्याच्यासमोर उभे राहिले. उन्हं उतरत होती. इन्स्पेक्टरची मोटार आता केव्हाही येईल, आणि मग हे पोरगं वाशिमला जाईल, तिथून अकोल्याला.

"कायले गप्प बसला आहे हा?" बबनराव चिडून म्हणाले. "याचा अर्थ एकच होते."

"बबन, मास्तर तुझ्याशी कोणत्या भाषेत बोलले?"

"इंग्रजीत."

"तुझ्याशी? मरणाच्या दारात? मराठी सोडून?"

बबनराव गोंधळले. "पडद्यामागं घरचे होते..." ते म्हणाले आणि थांबले. हे त्यांच्या मनात आत्तापर्यंत आलंच नव्हतं.

"मला तुझं मराठी नको. त्यांचे शब्द सांग. जसेच्या तसे."

ते शब्द बबनराव विसरणं शक्यच नव्हतं. रात्रभर ते त्यांच्या कानात वाजत होते. त्यांनी एकेक शब्द म्हणून दाखवला. "शफीक. वॉज. गिव्हन. द ग्लास. ही. मस्ट. नॉट. बी. लेफ्ट."

जगदेव ताडकन उठला.

"खिचडी," तो म्हणाला आणि धावला.

बबनराव कारण न कळता त्याच्या मागे धावले. ओसरी ओलांडताना त्यांना रंगूबाई दिसली. ती बाहेरच्या खोलीतून रिकाम्या हातांनी परत येत होती. जमादार दाराशी विडी ओढत होता. जगदेवनं त्याला बाजूला ढकललं.

शफीकच्या पुढ्यात ताट होतं. वाफाळती, सैल खिचडी. त्यानं बोटांवर घास घेतला होता आणि सुजल्या गालाच्या भीतीनं तो फुंकत होता.

जगदेवनं त्याचं मनगट धरलं. "गिळला एखादा?"

"नाही. गरम आहे."

बबनराव उंबरठ्यावर बसले.

*

ताट बैठकीच्या मधोमध ठेवलं होतं. भिंतीशी शफीक, दाराशी जमादार, खिडकीजवळ इस्माईल. रंगूबाई खांबाला टेकून उभी होती. पडदा हलत नव्हता, पण त्याखाली दोन पावलं दिसत होती.

"बबन," जगदेव म्हणाला, "हेमला वॉज गिव्हन अ मँगो. आंबा कोणाच्या हातात आहे?"

"हेमलाच्या. म्हणजे... हेमलानं दिला ना?"

"नाही. हेमलाला दिला. पुस्तकी मराठीत 'हेमलाला' म्हणतात, आपल्या वऱ्हाडात 'हेमलाले'. त्या एका अक्षरावरून कळतं की घेणारा कोण. इंग्रजीत ते अक्षर नाही. घेणारा उचलून वाक्याच्या सुरुवातीला बसवतात, कर्त्याच्या जागेवर, आणि आपल्याला वाटतं तोच देणारा. खूण फक्त 'वॉज' या शब्दात असते. मास्तर तुझी हीच चूक दुरुस्त करणार होते, तेवढ्यात त्यांची वाचा गेली."

बबनराव पुढे सरकले. "म्हणजे मास्तर म्हणाले..."

"शफीकला ग्लास देण्यात आला होता. विष मास्तरांसाठी नव्हतंच. ते शफीकसाठी होतं. दाढेमुळं त्यानं ग्लास पुढं सरकवला आणि मास्तर प्यायले. ग्लासाचा तळ पाहिल्यावर त्यांच्या ते ध्यानात आलं."

"आणि दुसरं वाक्य?" जमादारानं विचारलं. "सोडू नका म्हणले ना मास्तर?"

"पकडून ठेवा म्हणायचं असतं, तर इंग्रजीत वेगळा शब्द होता. 'लेफ्ट' म्हणजे मागं टाकून गेलेला. त्याला एकटा सोडू नका, असं सांगत होते ते. त्याच्या जिवाला धोका होता. आपण मात्र त्याला त्याच घरात एकटा कोंडला, आणि त्याच चुलीवरचं अन्न त्याच्यापुढं ठेवलं."

बबनरावांना शफीककडे बघवेना.

"आता कर्ता," जगदेव म्हणाला. "तो मास्तरांनी गाळला. का गाळला? तीन कारणं त्यांनीच शिकवली होती. ऐकणाऱ्या बबनला तर काहीच ठाऊक नव्हतं, म्हणजे 'सगळ्यांना माहीत' हे कारण बाद. स्वतः मास्तरांना माहीत नव्हतं म्हणावं, तर घरातल्यांना कळू नये म्हणून इंग्रजीचा आडोसा त्यांनी घेतला नसता. त्यांना माहीत होतं. नाव घ्यायचं नव्हतं. मरतानाही माणूस कोणाचं नाव झाकतो? परक्याचं नाही."

इस्माईलनं खिडकीचा गज धरला.

"तुम्ही कारंज्याला होता, इस्माईल. ग्लासाला तुमचा हात लागला नाही. रंगूबाईनं सांगितलं तसं केलं. तिला काही ठाऊक असतं, तर नेहमीचा पेला बदलल्याचं ती आपण होऊन बोलली नसती. दुसरा पेला कल्हईला गेला होता, असं मला सांगण्यात आलं. मास्तरांचा पेला पुराव्याला जमादाराकडे आहे. मग मी आत्ता कोणत्या पितळेच्या पेल्यातून पाणी प्यायलो? तो आतून काळा आहे, त्याला कल्हई लागलेलीच नाही. काचेचा ग्लास काढला तो चुकून भलत्याच्या हाती जाऊ नये म्हणून. आणि रंगूबाई आत जाऊन म्हणाली, बैठकीत चक्कर आली. कोणाला, ते तिनं सांगितलं नाही. ती रिकामी जागा एका माणसानं भरली. शफीकले? असं विचारलं. घरात म्हातारा भाऊ असताना बहिणीच्या तोंडी आधी शिष्याचं नाव का यावं?"

पडद्याखालची पावलं हलली नाहीत.

"कारण फळ्यावर आहे," जगदेव म्हणाला. कालचं वाक्य अजून पुसलेलं नव्हतं. "गोजराबाई मारली गेली. कोणी मारली, हे रपटात नाही. मोटारीचा दिवा नवा आहे. शेजारी कोण बसत होतं, ते इस्माईलनंच सांगितलं. शफीकनं ते मास्तरांपाशी बोलून टाकलं. मास्तरांनी त्याला आज इन्स्पेक्टरसमोर उभं करायचं ठरवलं आणि काल सकाळी बहिणीला तसं सांगितलं."

पडदा सरला. सुगराबी बाहेर आली. डोक्यावरची ओढणी सारखी करत ती सावकाश ताटापर्यंत चालत आली आणि खाली बसली.

"माझ्या हातचं खाल्लं नाई कोणी," ती म्हणाली. "मीच खातो."

तिनं घास उचलला. जमादाराला काही कळायच्या आत इस्माईलनं झेप घेतली आणि ताट उडवून लावलं. खिचडी भिंतीवर सांडली. त्यानं आईचा हात धरून तिची बोटं आपल्या सदऱ्याला पुसली, पुन्हा पुन्हा पुसली.

"अम्मी, काहून? मी तुले म्हणलं होतं का असं कर?"

"तू म्हणला नाई. तू रात्री रडे. मी ऐकून राह्यली होती." तिचा आवाज अजूनही सरळच होता. "भाऊ म्हणे, खरं बोलल्यावर झोप लागीन पोराले. मले वाटलं, तुले नेतीन, आणि मंग मी कोणाची वाट पाहू? आणि पाजलं कोणाले, तं त्याच भावाले."

ती वाकली ती वाकलीच.

बाहेर इन्स्पेक्टरची मोटार येऊन थांबली. इस्माईल उठला. शफीककडे न बघता तो म्हणाला, "तू बोलू नको. मी बोलतो." दारातून आत येणाऱ्या इन्स्पेक्टरसमोर तो हात बांधून उभा राहिला.

"साहेब, गोजराबाईले मी उडवलं. मोटार मी चालवून राह्यलो होतो."

*

मास्तर वाचले. शुद्धीवर आले तेव्हा खाटेशी बबनराव बसले होते. डॉक्टरांनी जास्त बोलू नका म्हणून बजावलं होतं. पण मास्तरांनी पहिला प्रश्न केला तो शफीकचा. तो सुखरूप आहे म्हटल्यावर त्यांनी बराच वेळ पुढचा प्रश्न विचारलाच नाही.

"ती कुठे आहे?" शेवटी ते म्हणाले.

बबनरावांनी काही लपवलं नाही. स्वतःची चूकही सांगितली.

"तुमची चूक नाही," मास्तर म्हणाले. "मी तिला वाचवायला गेलो आणि त्यालाही. एका वाक्यात दोघं मावत नव्हते. ते मला कळायला हवं होतं."

"कोर्टात तुम्हाले बोलावतीन, मास्तर. ग्लास कोणी दिला म्हणून ईचारतीन."

मास्तर कोपरावर भार देऊन उठून बसले. दवाखान्याच्या आवारात कोणी तरी बैल सोडत होतं.

"सरनाईकांना म्हणावं, तिच्यासाठी चांगला वकील बघा," ते म्हणाले. "आणि मला उद्या तिच्याकडे घेऊन चला. कोर्टात मी काय बोलणार आहे, ते तिला माझ्या तोंडून आधी कळू द्या."

"चालवत नाही तुम्हाले अजून."

"धरून न्या," मास्तर म्हणाले आणि त्यांनी बबनरावांपुढे हात केला.